श्रीपत पोस्टमनचा जादा रकाना

कुडपणच्या पठारावर बरी-वाईट कुठलीही बातमी अठ्ठावीस वर्षं एकाच माणसाच्या पायांनी वर चढली. त्याचं नाव श्रीपत शेलार. पोलादपूरला टपालाची थैली खांद्याला अडकवायची, एसटी जिथवर नेईल तिथवर जायचं, पुढं पायवाटेनं घाट चढायचा आणि एकवीस घरांच्या वाडीत नावं पुकारत फिरायचं, ही त्याची नोकरी. निम्म्या वाडीला वाचता येत नव्हतं, त्यामुळं पत्र नुसतं हातात देऊन भागायचं नाही, ते वाचूनही दाखवावं लागायचं. त्याबाबतीत श्रीपतचा एक नियम होता. वाईट बातमी अर्धी वाचायची नाही.

हा नियम त्याला महागात पडलेला होता. त्याच्या शेजारचा सयाजी, लहानपणापासूनचा जोडीदार. सयाजीचा थोरला भाऊ मुंबईत वारला तेव्हाची तार श्रीपतनंच आणली होती आणि दारात उभं राहून ती शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली होती. दुसरा कुणी असता तर 'भाऊ आजारी हाय, निघून ये' म्हणाला असता. सयाजी महिनाभर त्याच्याशी बोलला नाही. श्रीपतला वाईट वाटलं, पण तो बदलला नाही. "गिळलेलं टपाल पोचलेलं नसतं," असं तो म्हणायचा, आणि वर पुन्हा पोचेवर अंगठा मागायचा. असल्या माणसाचं काय करायचं!

नोकरी संपली तेव्हा शाल मिळाली, नारळ मिळाला आणि नोंदी करायची खोड तेवढी अंगाला चिकटून घरी आली. खरं तर ती घरी आधीपासूनच होती. श्रीपतच्या गोठ्यात लहानमोठी एकतीस गुरं. डोंगरातली ती बुटकी, काटक जात. दूध बेताचं, पण चार महिने पावसात उभी राहील आणि सड्यावर खडकाच्या फटीतलं गवतही सोडणार नाही. या गुरांची १९७४ सालापासूनची नोंद त्यानं बाद झालेल्या फॉर्मांच्या पाठकोऱ्या कागदांवर ठेवली होती. कुठली गाय, तिची आई कोण, कधी फळली, कधी व्याली आणि वार कुठं टांगली.

हा शेवटचा रकाना वाचून बाहेरचा माणूस हसेल. पण कुडपणात गाय व्याली की वासरामागून पडणारी तिची वार पेंढ्यात गुंडाळून चिकाच्या झाडावर टांगायची रीत आहे. वडाचा, उंबराचा चीक गाईच्या कासेत उतरतो, असं म्हणतात. श्रीपतची दोन झाडं ठरलेली. पाणवठ्यावरचा मोठा वड पहिल्या मानाचा. ओढा भरून वाहत असला की तिकडं जाता यायचं नाही, मग उलट्या बाजूला खिंडीतला उंबर. कुठल्या गाईची वार कुठल्या झाडावर गेली हे तो टपालाच्या नेमानं लिहून ठेवायचा.

त्याची बायको राहीबाई हा उद्योग पाहून कपाळाला हात लावायची. "ढोरं मोजू नयेत वो," ती म्हणायची. "लक्षुमी हाय ती. मोजली की निघाली."

"मी मोजत नाय. नोंद करतोय."

"मंग वेगळं काय करतासा?"

यावर श्रीपत पेन्सिलीला टोक करत बसायचा.

आणि मग गुरं खरोखरच निघायच्या वाटेला लागली. दोन हजार सालच्या माघात बांडी गाभडली, दिवस भरायच्या आधीच मेलेलं वासरू पडलं. बांडी ही त्यानं घाटाखालून आणलेली नवी गाय, चांगली सहा महिन्यांची गाभण. सव्वादोन महिन्यांत कवडी आणि तांबू एका आठवड्यात गाभडल्या. आषाढात मोरी. मध्ये सहा महिने शांत गेले, बांडी पुन्हा फळून पौषात सुखरूप व्याली, घरात खरवस झाला. श्रीपतनं देवाला नारळ फोडला. तो नारळ देवाला पोचेपर्यंत चांदी आणि पाखरी गाभडल्या, आणि त्यांच्याबरोबर सयाजीची गौरीही.

सयाजी म्हणजे गावच्या गुराख्यांचा म्होरक्या. सगळ्या वाडीची गुरं एका कळपानं सड्यावर जात, दुपारी वडाखाली बसत, एकाच पाणवठ्यावर पीत. गुरांच्या गोष्टीत सयाजीचा शब्द शेवटचा. त्यानं चैत्रात देवळाच्या अंगणात गाव बसवलं.

"श्रीपत, तुजी ढोरं घाटाखाली उतरव," तो म्हणाला. "सगळी. आमच्या कळपात नको."

"कारण सांग."

"कारण तुजं ते रजिस्टर. मोजून मोजून दीठ लावलीस. आता माज्या गोठ्यात आली."

श्रीपत उठून उभा राहिला. पासष्टी उलटलेला माणूस, पण घाट चढून चढून पोटऱ्या अजून दगडासारख्या. "दीठ लागली आसंल तर लागली म्हणून दाखव. कधी, कुठं, कशी. मना एक वरीस द्या. कारण हुडकून आणतो. नाय गावलं तर माज्या हातानं उतरवतो सगळी."

"शिमग्यापतुर," सयाजी म्हणाला. "शिमग्याच्या आदल्या दिवशी हितंच बसू."

एकतीस गुरं आणि अकरा महिने. सत्तावीस वर्षांची वंशावळ घाटाखाली कुण्या दलालाच्या दावणीला जाणार, या विचारानं राहीबाईनं त्या दिवशी चूल पेटवली नाही. श्रीपतनं मात्र रजिस्टर फडक्यात बांधलं, जुनी खाकी थैली खुंटीवरून काढली आणि दुसऱ्या दिवशी घाट उतरला.

पोलादपूरच्या डॉक्टर आमोदनी ते रजिस्टर उघडलं आणि पाचच मिनिटांत मिटलं. डॉक्टर तरुण, गुरांवर जीव असलेले, पण पाठकोऱ्या फॉर्मांवर सत्तावीस वर्षांची मुंगीएवढी पेन्सिल वाचणं कुणाच्याही बापाला जमलं नसतं.

"श्रीपतकाका, यात सोनं आहे, पण मातीत कालवलेलं. मला क्रमानं हवं. कुठली गाय, कधी, कुणाच्या मागोमाग. महाडला इरावतीताई कॉम्प्युटरचे क्लास घेतात. त्यांच्याकडे गुरांच्या नोंदीचा प्रोग्राम आहे म्हणे. तिथं घाला हे सगळं."

प्रोग्राम खरोखर होता. दासगावजवळ एका हौशी माणसानं साठ जर्सी गाईंचा मोठा गोठा काढला होता. त्याच्यासाठी इरावतीनं चार महिने खपून तो लिहिला. गोठा दोन वर्षांत बंद पडला आणि प्रोग्राम तिच्या मशीनमध्ये रिकाम्या दावणीसारखा पडून राहिला. त्यामुळं फडक्यात रजिस्टर बांधलेला म्हातारा एसटी स्टँडवरून विचारत विचारत क्लासच्या दारात आला, तेव्हा तिला हसू आलं आणि बरंही वाटलं.

पुढचे तीन महिने दर पंधरा दिवसांनी श्रीपत महाडला गेला. तो नोंदी वाचायचा, इरावती टाइप करायची. प्रोग्राम इंग्रजी अक्षरांत चाले, पण त्याचं श्रीपतला काहीच वाटलं नाही. पत्त्यांवरची मोठी इंग्रजी अक्षरं वाचण्यात त्याची हयात गेली होती. उलट तोच तिच्या चुका काढायचा. "बाई, कवडीत डब्ल्यू नको, व्ही टाका. डब्ल्यूनं ती वायली गाय झाली."

पहिल्याच दिवशी खटका उडाला. पडद्यावर नऊ रकाने होते. जनावराचा नंबर, नाव, आई, बाप, फळल्याची तारीख, व्याल्याची तारीख, दूध, औषध, शेरा. श्रीपतनं बोटानं ते मोजले आणि विचारलं, "वारेचा कुठाय?"

"कसला?"

"वार कुठं टांगली त्याचा."

इरावतीनं खुर्ची वळवली. "काका, हा प्रोग्राम मी पुस्तकं वाचून केलाय. त्यात असलं काही नसतं. याचा गाईशी काय संबंध?"

"संबंध हाय का नाय ते मना ठावं नाय. पण बाई, गाय व्याली म्हंजे तिच्या पोटातून दोन टपालं निघाली. एक वासरू, एक वार. वासरू कुठं गेलं ते तुमी लिवता. दुसरं टपाल कुठं गेलं ते नको लिवायला? रजिस्टर पत्र कुनाच्या हातात पडलं ते नोंदलं नाय तर सरकार ते पोचलं म्हणत नाय."

"शेऱ्यात लिहू."

"शेऱ्यात नाय. शेरा म्हंजे अडगळीची खोली. वायला रकाना पायजे."

जादा रकाना घालायचा म्हणजे सगळी मांडणी उकलून पुन्हा बांधायची. इरावतीनं समजावलं, टाळलं, शेवटी चिडलीही. पण ज्याच्यापुढं घाटानं हात टेकले त्याच्यापुढं ती कुठवर टिकणार? पुढच्या खेपेला दहावा रकाना तयार होता. VAAR.

श्रावण उजाडला तेव्हा दोनशे बारा वेतं मशीनमध्ये गेली होती. इरावतीनं ती तारखेप्रमाणं लावली, आईप्रमाणं लावली, वळूप्रमाणं लावली. काहीच निघेना. दोन वळू, दोघांच्याही गाई गाभडलेल्या आणि दोघांच्याही सुखरूप व्यालेल्या. औषधाचा रकाना तर जवळजवळ कोराच. तिनं श्रीपतकडं पाहिलं नाही.

श्रीपत पडद्याकडं बघत होता. टपालाची थैली उपडी केल्यावर तो पहिलं काम काय करायचा? पत्रं पत्त्यावार लावायचा.

"बाई, आता ही पत्त्यावार लावा," तो म्हणाला.

"पत्ता? यात कुठं पत्ता आहे?"

"तो दहावा. झाड हा वारेचा पत्ता. आन हरेक वारेच्या शेजारी लिवा, तिच्यानंतर किती दिवसांनी पुढची गाय गाभडली."

त्याला तासभर लागला. मग प्रिंटर करकरायला लागला आणि भोकं पाडलेला कागद टेबलाखाली उतरला. श्रीपतनं चष्मा लावून बोट ठेवलं. दोन हजार सालच्या आधीची पंचवीस वर्षं, वड काय आणि उंबर काय, शेजारी सगळं कोरं. मग बांडी, वड, आणि शेजारी आकडा: ६४. चौसष्ट दिवसांनी कवडी. कवडी आणि तांबू, वड. सत्तर-बहात्तर दिवसांनी मोरी. मोरीच्या वेळी ओढा भरला होता, तिची वार उंबरावर. पुढं कोरं. त्या पावसाळ्यातल्या सगळ्याच वारा उंबरावर, सगळ्यांपुढं कोरं. मग पौषात बांडी सुखरूप व्याली. आनंदाची वार, म्हणून श्रीपत ती मुद्दाम वडावर घेऊन गेला होता. शेजारी आकडा: ६१. एकसष्ट दिवसांनी चांदी, पाखरी आणि सयाजीची गौरी.

गाभडलेल्या गाईची कास सुकते. म्हणून तर तो उंबराच्या वाटेला न जाता मोठ्या वडावर जात असे. जितकं दुखणं मोठं, तितकं मानाचं झाड. आणि त्याच वडाखाली दुपारी सगळ्या गावच्या गाभण्या गाई बसायच्या. कावळे पेंढ्याचं गाठोडं फोडायचे, कुत्री ओढायची, गाई खालचं गवत चाटायच्या.

श्रीपतचं बोट त्या आकड्यावरच राहिलं. इरावतीला वाटलं, काकांना कळलं नाही. ती समजावून सांगायला पुढं झाली.

"कळलं बाई," श्रीपत म्हणाला. "हे टपाल मीच टाकलंय."

डॉक्टर आमोदनी कागद पाहिला आणि दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन घाट चढले. रक्ताच्या नळ्या तपासणीला गेल्या. सहा गाई निघाल्या, बांडीसकट. "ब्रुसेला म्हणतात याला," डॉक्टर म्हणाले. "गाय वरून धडधाकट दिसते, पुढच्या वेताला नीट व्यातेसुद्धा. पण वारेत जंतू खच्चून भरलेले असतात. गाईला यावर औषध नाही. या सहा कायमच्या वेगळ्या ठेवा. कालवडींना मी लस टोचतो. दूध उकळल्याशिवाय पिऊ नका. आणि वार टांगायची नाही, कुणीच नाही. कमरभर खड्डा, वर चुना. हातात पिशवी घातल्याशिवाय तिला शिवायचंही नाही. काका, तुम्हाला संध्याकाळची कणकण येते का? येते ना? मग तुम्ही दोघं आधी दवाखान्यात जाऊन रक्त द्या."

कणकण दीड वर्षं येत होती. श्रीपतनं ती वयाच्या खात्यात टाकली होती. त्याला गोळ्या लागल्या, राहीबाईचं रक्त साफ निघालं.

खरं दुखणं राहीबाईला वेगळंच झालं. वार मातीत? तिच्या सासूनं, आजेसासूनं जी वार डोक्यावर धरून झाडाला नेली, ती खड्ड्यात गाडायची? "वार मातीत घातली की दूध मातीत जातंय," ती म्हणाली. "तुमच्या त्या मशीनला पान्हा फुटत आसंल तर मना सांगा." भाद्रपदात कपिली व्याली आणि श्रीपत एकटा कुदळ घेऊन परसात गेला, तेव्हा ती गोठ्याकडं पाठ करून बसली. तीन दिवस ती कपिलीच्या कासेला हात लावायला कचरत होती. चौथ्या दिवशी तांब्या भरला. पुढच्या गाईची वेळ आली तेव्हा खड्डा आधीच खणलेला होता आणि कुदळ राहीबाईच्या हातात होती.

त्या सहा गाईंसाठी श्रीपतनं खिंडीत कूड घालून गोठा बांधला, जिथं दुसरं जनावर जात नव्हतं. सकाळ-संध्याकाळ चारा-पाणी घेऊन अर्ध्या कोसाची चढण. कुणी म्हणालं, मरायला सोडून दे. तो म्हणाला, आणल्या मी, चुकलो मी, त्यांनी काय केलंय? निवृत्त झालेले पाय पुन्हा कामाला लागले.

आता राहिलं गाव. एकट्या श्रीपतनं वार पुरून काय होणार? एकवीस घरांतलं एक जरी घर वडावर जात राहिलं तर शिमग्याला हिशेब तोच. श्रावण-भाद्रपदात तो घरोघर फिरला, दोन वर्षांत कुणाची गाय कधी व्याली, वार कुठं गेली, विचारत. पोस्टमनला लोक खरं सांगतात, सवयच असते. तीन घरांनी मान खाली घालून कबूल केलं की त्यांच्याही गाई गाभडल्या होत्या. सयाजीच्या भयानं, लाजेनं, कुणाला न सांगता त्यांनी वार तशीच झाकून वडावर नेली होती.

हे सगळं महाडला जाऊन मशीनमध्ये पडलं. मग श्रीपतनं इरावतीला एक विलक्षण काम सांगितलं. प्रत्येक घराचा वेगळा कागद. त्या घराच्या गाई, तारखा, झाडाचा पत्ता, पुढं काय करायचं ते, मराठीत. आणि सगळ्यात खाली एक ओळ: 'पहिली वार श्रीपत शेलार यांनी मोठ्या वडावर टांगली.'

"काका, ही ओळ प्रत्येकाच्या कागदावर कशाला?" इरावतीनं विचारलं. "तुम्हाला कुठं माहीत होतं? उगाच आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा."

"धाडणाराचं नाव नसलं की टपाल बेवारशी. लोक बेवारशी टपालावर इस्वास ठेवत नायत."

गणपती गेले आणि कुडपणात तीन वर्षांनी पुन्हा हाळी ऐकू आली. खाकी थैली, डोक्याला फडकं आणि दारात उभा श्रीपत. "टपाल हाय!" लोक आधी हसले. मग तो वाचायला लागला तसे गप्प झाले. प्रत्येक दारात त्यानं ती शेवटची ओळ न गाळता, न पुटपुटता वाचली. एका दारात बनुबाई म्हातारी रडायला लागली, कारण तिची एकुलती एक गाय त्या तिघींतली होती. श्रीपतनं तरी कागद खाली आणला नाही. वाचून झालं की तो शाईचा डबा उघडायचा. "पोच द्या. अंगठा दिलात म्हंजे वार पुरणार आसा शबुद दिलात."

वीस घरांनी अंगठे दिले, त्यात श्रीपतचं स्वतःचं घरही आलं. एकविसावं घर सयाजीचं.

सयाजी ओटीवर सुंभ वळत होता. श्रीपतनं नाव पुकारलं. सयाजीनं वर पाहिलं नाही. "मना तुजं टपाल नको. गौरीचं रगतबी देत नाय. वडाला माज्या बापानं वार टांगली, मीबी टांगणार. शिमग्याला बघू."

"घे तरी. वाचू नको."

"नको म्हटलं ना."

टपालाचा नियम असा की घेणाऱ्यानं नाकारलं तर पोस्टमननं त्याच्याशी वाद घालायचा नाही. श्रीपतनं कागदावर पेन्सिलीनं लिहिलं, 'घेण्यास नकार', तारीख घातली आणि कागद थैलीत परत ठेवला. घरी येऊन थैली खुंटीला लावली. त्या कागदाचं काय करायचं, हे त्याला कळेना. नाकारलेलं टपाल धाडणाऱ्याकडं परत जातं, आणि धाडणारा तर तोच होता.

कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. पठारावर अकरा गाई व्याल्या, अकराही सुखरूप. श्रीपत महाडला जाऊन एकेक नोंद सांगायचा आणि दहाव्या रकान्यात इरावती टाइप करायची, PURLI. ती आता न विचारता करायची. पौषात सयाजीची गौरीही नीट व्याली. सयाजीनं वार पेंढ्यात बांधली आणि दिवसाउजेडी, सगळ्यांना दिसेल अशी, मोठ्या वडावर नेली. श्रीपतनं आपल्या गाभण्या गाई त्या दिवसापासून पाणवठ्यावर नेणं बंद केलं. कासराभर दिवस आल्यापासून मावळेपर्यंत राहीबाई आणि तो खालच्या झऱ्यावरून कावडीनं पाणी आणायचे. दुसऱ्या घरांनी पाहिलं आणि त्यांनीही कावडी काढल्या. वडाखाली दुपारी फक्त सयाजीची गुरं बसू लागली.

शिमगा तोंडावर आला. देवळापुढं होळीचा खड्डा खणून झाला होता, पोरं लाकडं गोळा करत होती. बैठकीच्या दिवशी सकाळी श्रीपतनं धोतर बदललं, रजिस्टर आणि सगळे कागद थैलीत भरले. सयाजीपुढं काय बोलायचं, ते तो मनात जुळवत होता. आकडे त्याच्या बाजूचे होते. पण आकडे बोलत नाहीत, बोलायला माणूस लागतं, आणि गाव सयाजीचं ऐकत आलं होतं.

तेवढ्यात परसाच्या बाजूनं कुणीतरी आलं. सयाजी होता. दोन्ही हातांना त्यानं प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या आणि हातात पेंढ्याचं गाठोडं होतं.

राहीबाई दारातच थबकली.

"सोनी गाभडली," सयाजी म्हणाला. "पहाटं. सातव्यात व्हती." त्यानं गाठोडं खाली ठेवलं नाही. "बोटं मोजली रे श्रीपत. कधी नाय ती मोजली. गौरीची वार टांगल्याला त्रेसष्ट दिस झाले."

सोनी ही त्याच्या मेलेल्या भावानं पाठवलेल्या पैशांतून घेतलेल्या कालवडीची नात. हे श्रीपतला ठाऊक होतं. ती मनिऑर्डर त्यानंच वर आणली होती.

"तुजा खड्डा हाय ना खणल्याला?"

"हाय."

"मंग आधी माजं टपाल वाच. तुज्याकडं राहिलंय."

श्रीपतनं थैलीत हात घातला. कागद सगळ्यात तळाशी होता. त्यानं चष्मा लावला. त्याला वाटलं, आज सोडावी ती शेवटची ओळ. या माणसाच्या हातात मेलेल्या वासराची वार आहे, आज तरी सोडावी. आणि मग त्याला वाटलं, आजच सोडायची तर मग वीस दारांत कशाला वाचली? भावाची तार तरी कशाला वाचली?

त्यानं वाचलं. सयाजी यांची गाय गौरी, गाभडली चैत्रात, वार मोठ्या वडावर. पुढं काय करायचं ते. आणि खाली, 'पहिली वार श्रीपत शेलार यांनी मोठ्या वडावर टांगली.' शेवटच्या शब्दापर्यंत. मग कागद खाली घेतला आणि म्हणाला, "माजं चुकलं, सयाजी. तुजी गौरी माज्यामुळं गाभडली व्हती."

सयाजी गाठोडं घेऊन खड्ड्याकडं वळला.

"पयली तुज्या हातची," तो म्हणाला. "ही माज्या हातची. दोन्ही लिव."

परसात खड्डा कमरभर होता. सयाजी आत वाकला, गाठोडं ठेवलं. राहीबाईनं चुन्याची पाटी आणली. तिघांनी मिळून माती ओढली. मग सयाजीनं हातांच्या पिशव्या काढून खड्ड्यातच टाकल्या, वर आणखी माती ओढली. पाटीच्या काठाला लागून त्याचे हात चुन्यानं पांढरे झाले होते. श्रीपत शाईचा डबा आणायला वळला, तर सयाजीनं त्याचा दंड धरला.

"शाई कशाला," तो म्हणाला, आणि कागदावर 'घेण्यास नकार' लिहिलं होतं त्याच्यावर चुन्याचा अंगठा दाबला. "झाली पोच. आता देवळाकडं चल. गाव बसलं आसंल, त्यास्नी मी सांगतो."